पेडण्याचा किनारा: सुकती, शाळा आणि शेवटची बस

गोव्याच्या उत्तर टोकाला असलेल्या पेडण्याच्या किनाऱ्यावर जायला लोक डिसेंबर निवडतात. मासेमारीच्या वाड्यांवरच्या मुली मोठ्या कशा होतात हे बघायचं असेल, तर माघ बरा. शाळा चालू असते, दहावीवाल्या अभ्यासात बुडालेल्या असतात, बांगडा अजून उन्हात पडलेला असतो, पाहुण्यांचा हंगाम भरात असतो आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ व्हायला लागलेलं असतं. तेरा ते अठरा वर्षांच्या पोरीला इकडून तिकडून ओढणाऱ्या सगळ्या गोष्टी एकाच आठवड्यात समोर येतात. निघण्याआधी पंचांग बघावं आणि पौर्णिमा किंवा अमावास्या मध्ये येईल असे दिवस धरावेत. खाडीचं वेळापत्रक चंद्र ठरवतो, शाळेचं सरकार ठरवतं, आणि या दोघांचं महिन्यातले काही दिवस अजिबात जमत नाही. या प्रवासात बघण्यासारखं मुख्य तेच आहे.

शुक्रवार, माघ शुद्ध द्वादशी: म्हापसा

सुरुवात गावातून न करता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून करावी. केरी, हरमल, मांद्रे, मोरजीच्या बायका मासळी घेऊन इथे येतात, आणि शाळा सुटलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी पहिल्यांदा आईच्या शेजारी पाटावर बसते ती इथेच.

तिला आधी वाटा लावायला शिकवतात. गोव्यात किरकोळ मासळी अजून बरीचशी वाट्यावर विकली जाते. वाट्यात मासे किती हे गिऱ्हाईक मोजतंच, त्यामुळे कसब मांडणीत असतं. बांगड्याची सगळी तोंडं एका बाजूला, मोठा मासा वर, पोट फुटलेला एकही नाही. सुंगटांचा (कोळंबीचा) वाटा पसरट लावायचा, म्हणजे भरल्यासारखा दिसतो. पहिल्या बोलीला भाव सोडायचा नाही; सोडायचाच तर पैसे कमी न करता वाट्यात एक बांगडा वाढवायचा. हे गणित आठवीच्या पुस्तकात नाही, पण त्यापेक्षा सोपंही नाही. किनाऱ्यावरच्या लिलावाचा भाव, बर्फ, बसमध्ये टोपलीचं वेगळं भाडं, बाजारात बसण्याचा कर म्हणजे सोपो, आणि दुपारपर्यंत न खपलेल्या मालाचा तोटा हे सगळं धरून वाट्याची किंमत काढायची असते, तीही मनातल्या मनात.

चूक होते ती बर्फात. आपल्याकडच्या उन्हात एक किलो मासळीला जवळजवळ एक किलो बर्फ लागतो. नवी मुलगी बर्फावर काटकसर करते किंवा तो फक्त वरून घालते. खाली, मध्ये आणि वर असे थर न घातल्याने टोपलीच्या तळातला मासा मऊ पडतो, आणि सुंगटांची डोकी दहा-अकरापर्यंत काळवंडतात. काळं डोकं म्हणजे माल लगेच खराब झाला असं नसतं, पण गिऱ्हाईक ते बघून पुढे जातं. मग डोकी काढून सोललेली सुंगटं वेगळी विकायची, हा दुसरा धडा.

शिक्षण सुटलं की मुली इथे येतात, असं सरसकट म्हणतात. ते अर्धंच खरं. बारावी झालेल्या मुलीही येतात, आणि हिशेब, मोबाईलवरचे पैसे, नेहमीच्या गिऱ्हाइकाला संदेश पाठवणं ही कामं त्यांच्याकडे जातात. पाटावर आई बसते, धंदा दोघींचा असतो.

दुपारी म्हापशाहून शिवोली, चोपडे, आगरवाडा, मांद्रे या वाटेने हरमल आणि पुढे केरीची बस. खासगी बस थांबत थांबत जाते, दीड तास तरी धरावा. आगरवाड्याला मिठागरं दिसतात. उद्याच्या कामातलं मीठ अशाच आगरांतलं.

शनिवार: केरीची वाळू

केरीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत. त्यांच्या सावलीत होड्या, जाळी आणि दुपारी झोपलेले पुरुष असतात. सकाळी रापण लागली तर बघावी. रोज लागेलच असं नाही, पूर्वीपेक्षा ती फार कमी झाली आहे. होडी जाळं टाकत समुद्रात अर्धवर्तुळ काढते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन रांगा ते हळूहळू ओढतात. दोन-तीन तासांचं काम. दोन्ही रांगांनी सारख्या वेगाने ओढायचं असतं. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरकं होतं, खालची शिशाची कड जमीन सोडते आणि मासळी खालून निसटते. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याजवळ घुसू लागले तेव्हा रापणकारांनी मोठं आंदोलन केलं. १९८० चा गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा त्यातूनच आला, आणि किनाऱ्यालगतचा ५ किलोमीटरचा पट्टा यांत्रिक बोटींना बंद झाला. कागदावर तो अजून बंद आहे.

दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलगी आणि मुलगा एकत्रच दोराला हात लावतात, लाटेत लोळतात, होडीत चढून बसतात. तेरा-चौदाला मुलगा भावाबरोबर होडीत जाऊ लागतो आणि मुलीला कोणीतरी हाक मारतं, "बाय, तू हंय ये, मासळी वेचूक." त्याबद्दल कोणी घरात बसवून काही सांगत नाही. मुलीचं काम वाळूच्या रेषेपासून सुरू होतं: वेचणं, निवडणं, धुणं, चिरणं, खारवणं, विकणं. समुद्र पुरुषांचा आणि वाळूपासून बाजारापर्यंतचा सगळा पसारा बायकांचा, अशी वाटणी आहे. पैसा मात्र दुसऱ्या अर्ध्यातून सुटा होऊन घरात येतो, हे मासेमारीवर लिहिणारे सहसा विसरतात.

जाळं विणणं पुरुषांचं असं सांगतात, पण सावलीत बसलेल्यांत मुलीही असतात. भोक पडलेलं जाळं दुरुस्त करताना आधी ते कापून मोठं करावं लागतं, हे नवशिकीला पटत नाही. फाटक्या कडा तशाच ठेवून विणलं तर घरं लहानमोठी होतात आणि ताण एकाच गाठीवर येतो. म्हणून कापायचं असं, की सुरुवातीच्या आणि शेवटच्या गाठीला तीन-तीन धागे राहतील आणि मधल्या सगळ्या गाठींना दोन-दोन. मग सुई वरच्या तीनधागी गाठीपासून निघते आणि खालच्या तीनधागी गाठीवर संपते, मध्ये कुठेही धागा तोडावा लागत नाही. बांगड्याच्या जाळ्याचं घर ताणून साधारण ५० मिलिमीटर, तारलीचं ३५च्या आसपास; मापाची पट्टी प्रत्येकीची वेगळी. तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी धागा, गुळगुळीत असतो, त्याला एक वेढा जास्त द्यावा लागतो, नाहीतर गाठ सरकते आणि दोन घरांचं एक होतं.

दुपारनंतर सुकवण. शनिवारी शाळा लवकर सुटते, त्यामुळे हे काम मुलींकडेच येतं. बांगडा चिरून उघडायचा, आतडी आणि कल्ले काढायचे, रक्त राहू न देता धुवायचा, आणि चार किलो मासळीला एक किलो या हिशेबाने मीठ लावून थरावर थर रचून रात्रभर ठेवायचा. मोठा बांगडा असेल तर मीठ वाढवायचं. सकाळी सुटलेल्या पाण्यातच खळबळून वरचं जादा मीठ काढायचं आणि उन्हात टाकायचं. माघाच्या उन्हात तीन-चार दिवस लागतात. दर दोन-तीन तासांनी उलटायचं आणि दव पडायच्या आत उचलायचं. दव लागलेली मासळी दुसऱ्या दिवशी कितीही उन्हात ठेवली तरी तिचा वास सुधारत नाही.

बिघाड तीन तऱ्हेचे. मीठ कमी पडलं की माशा बसतात आणि अळ्या होतात. पहिल्याच दिवशी कडक उन्हात उघडं टाकलं की वरची कातडी कडक होते, आतलं पाणी अडकतं आणि आठवड्याने काट्याजवळ कुजायला लागतं. म्हणून पहिले काही तास झाडाची विरळ सावली बरी. तिसरा बिघाड गुलाबी चिकट थराचा. तो मिठातून येणाऱ्या जिवाणूंनी धरतो. मासळी नीट सुकलेली नसेल आणि हवा दमट असेल तर तो पसरतो, म्हणून पावसासाठीचा साठा करताना मीठ स्वच्छ घ्यावं आणि मासळी वाकवल्यावर मऊ लागत नाही इतकी वाळवावी. वाळूवर थेट न टाकता काठ्यांच्या मांडवावर जुनं जाळं पसरून त्यावर टाकली तर वाळू लागत नाही आणि खालूनही वारा लागतो. बाजारात भाव चांगला मिळतो, पण मांडव बांधायला जागा लागते, आणि किनाऱ्यावरची जागा आता खाटा मांडायला भाड्याने जाते.

रविवार, पौर्णिमा: खाडी

आजचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास लागते आणि पुन्हा संध्याकाळी. हिवाळ्यात पहाटेची सुकती जास्त खोल. रोज ती पाऊण तास ते तासभर पुढे सरकते. तिसऱ्या आणि खुबे (खाडीतले शिंपले) काढायचे ते या सुकतीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर.

खाडीत चांदणं असतं. अमावास्येला बॅटरी लागते. बायका आणि मुली गुडघाभर ते कमरभर पाण्यात रांगेने सरकतात. तिसरी टाचेने शोधतात. वाळूत टाच फिरवली की कडक, गोल काहीतरी लागतं, मग वाकून हाताने किंवा पळीने काढायचं. कमरेला जाळीची पिशवी. अंगठ्याच्या नखापेक्षा लहान असेल ती परत टाकायची. ती टाकली नाही तर दोन-तीन हंगामांत तो पट्टा रिकामा होतो, आणि असे रिकामे पट्टे दाखवता येतात. पाऊल उचलून टाकायचं नाही, घसटत न्यायचं. वाळूत पाकट बसलेली असते. घसटण्याने ती निघून जाते, तिच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायचा, वेदना उतरते. मग आरोग्य केंद्र. कालवांच्या कडांनी होणारे काप त्याहून जास्त. खारं पाणी जखम साफ करतं हा समज घातक आहे. गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवावं, धनुर्वाताची सुई चुकवू नये.

घरी आणलेल्या तिसऱ्या लगेच विकत नाहीत. स्वच्छ खाऱ्या पाण्यात काही तास ठेवल्या की त्या वाळू ओकतात. गोड्या पाण्यात टाकल्या तर तोंड मिटून घेतात आणि वाळू आतच राहते. तोंड उघडी पडलेली आणि टिचकी मारूनही न मिटणारी तिसरी फेकायची.

आता घड्याळाचा हिशेब. शाळा साधारण पावणेआठ-आठला भरते. पौर्णिमेला साडेपाचची सुकती सांभाळून मुलगी सातपर्यंत घरी येते, आंघोळ करून बस धरते. तृतीयेपासून सुकती सात-साडेसातला येते, पुढे आठ, नऊ. हेच ते चार-पाच दिवस. पंधरवड्यातून एकदा येतात आणि हजेरीपटावर तापाचे म्हणून लागतात. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, सुकती उथळ, तेव्हा खाडीत फारसं मिळतच नाही आणि हजेरी पुन्हा भरते. ज्या घरात आई एकटी कमावती, तिथली मुलगी या दिवसांत खाडीत दिसते. शिक्षकाने पंचांग जवळ ठेवलं तर गैरहजेरीचं कारण विचारायची गरज उरणार नाही.

आणि पाळी. मुलीला न्हाण आलं की पूर्वी शेजारपाजारच्या बायका जमत, ओटी भरत, आजोळहून कपडे येत. आता बहुतेक घरांत हे आटोपशीर झालं आहे: नाचणीचं तिजाण (गोड पेज), नवा ड्रेस, आणि दारात येणाऱ्या मावशी-काकींना "कावळो शिवलो" एवढंच. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं, तोवर देवाकडे जायचं नाही, हे बहुतेक घरांत चालू आहे. होडीला आणि जाळ्याला शिवू नये असं सांगणारी म्हातारी माणसंही आहेत. मासळी चिरायला आणि पाणी भरायला मात्र विटाळ आड येत नाही, असं मुलीच हसून सांगतात.

खरी अडचण व्यवहाराची. पॅड लावून कमरभर पाण्यात जाता येत नाही. ते खाडीचंच पाणी शोषून फुगतं, आणि खारट ओलीत घासून मांड्या सोलतात. म्हणून त्या दिवसांत खाडी बंद. तेच दिवस पौर्णिमेला आले तर आठवड्याची कमाई जाते. सिलिकॉनचा कप हा यावर चांगला उपाय आहे. बारा तासांपर्यंत चालतो, दर पाळीआधी पाच-दहा मिनिटं उकळायचा, नीट वापरला तर वर्षानुवर्षं टिकतो. अडतं ते दोन ठिकाणी. अविवाहित मुलीने तो वापरावा की नाही यावर आयांचं मन घट्ट मिटलेलं असतं, आणि उकळायला वेगळं भांडं ठेवायची जागा एका खोलीच्या घरात कुठे काढायची. कापड वापरणाऱ्यांना माघानंतर वेगळाच त्रास होतो. विहीर मचूळ झाली की साबणाला फेस येत नाही, डाग आणि साबण दोन्ही कापडात राहतात, आणि तेच कापड लाजेने सावलीत, दुसऱ्या कपड्याखाली वाळत घातलं की खाज आणि पुरळ ठरलेलं. एक बादली गोडं पाणी शेवटच्या धुण्यासाठी राखावं आणि कापड उघड्या उन्हात टाकावं. जनऔषधी केंद्रात २०१९ पासून पॅड एक रुपयाला मिळतं. पण केंद्र गावात नसतं, त्यामुळे कोणी म्हापशाला गेलं की दोन-तीन जणींचं मिळून आणतात. वापरलेली पॅड वाळूत पुरायची सवय वाईट. पहिल्या उधाणाला ती वर येतात आणि कुत्री ओढत नेतात.

रात्री जवळच्या वाड्यावर जत्रा असेल तर दशावतार बघावा. मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होतो, आधी गणपती आणि संकासुर, मग आख्यान, आणि संपेपर्यंत उजाडतं. एरवी दिवेलागणीला घरात हवी असलेली मुलगी जत्रेच्या रात्री मैत्रिणींबरोबर गोणपाटावर बसून पहाटेपर्यंत बाहेर असते आणि कोणी काही म्हणत नाही. रंगमंचावर राणी होऊन रडणारा पुरुष असतो. मुलींचं निम्मं लक्ष त्याच्या साडीच्या निऱ्यांवर असतं, आणि त्यांची टीका ऐकण्यासारखी असते.

सोमवार: शाळेची बस

वाड्यावर प्राथमिक शाळा मराठी माध्यमाची. पाचवीपासून हायस्कूल थोडं लांब, अकरावीला अजून लांब. मुलींचं शिक्षण कुठे थांबतं हे जाणण्यासाठी नकाशावर बसचा मार्ग आखावा. सकाळची बस मिळते. दुपारची सुटीची बस मिळते. प्रात्यक्षिक किंवा शिकवणी संपल्यावरची संध्याकाळची बस मिळेलच याची खात्री नाही. मुलगा कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून येतो. मुलगी तशी आली की संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या वाड्याला माहीत असतं. त्यामुळे विज्ञान शाखा घेणाऱ्या मुलींची पहिली अट गुणांची नसते, परतीच्या गाडीची असते. आर्ट्स किंवा कॉमर्स दुपारी सुटतं, म्हणून तेच "मुलींना बरं".

सोमवारी शाळांत लोहाची निळी गोळी देतात. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, आठवड्यातून एक. शिवाय वर्षातून दोनदा जंतांची ४०० मिलिग्रॅमची गोळी. निळी गोळी जेवल्यावर घ्यायची असते. पहाटे खाडीत गेलेली मुलगी चहावर शाळेत आलेली असते. रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळतं, पुढच्या सोमवारी ती गोळी खिशात जाते. शौच काळी होणं हे लोहामुळेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे आधी सांगितलं तर निम्म्या गोळ्या वाचतात. डबा खाऊन घ्यायची, त्यावर तासभर चहा प्यायचा नाही, लिंबू पिळलेलं काही असलं तर उत्तम. मुलींचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की रक्त कमी समजतात. तिसऱ्यांमध्ये लोह भरपूर असतं. पण त्या विकायला जातात आणि घरात उकड्या भातावर हुमणाचा (मासळीच्या कालवणाचा) रस जास्त, तुकडा कमी. तुकड्यांत पहिला मान होडीवर जाणाऱ्याचा.

मंगळवार: मांद्रे, मोरजी

दक्षिणेकडे सरकलं की मासेमारीचं गाव आणि पर्यटनाचं गाव एकमेकांत मिसळतं. फार रेंगाळण्यासारखं नाही, पण दोन गोष्टी बघाव्यात.

एक, मोरजीच्या टेंबावर कासवांची जागा. ऑलिव्ह रिडले मादी हिवाळ्यात रात्री येते, शंभराच्या आसपास अंडी घालते, पिल्लं दीड-दोन महिन्यांनी निघतात. वन खातं घरटी राखतं. पिल्लं उजेडाकडे जातात, म्हणून किनाऱ्यावरच्या दिव्यांनी ती समुद्राऐवजी हॉटेलाकडे चालू लागतात. हे पाहुण्यांना न अडखळता समजावून सांगणाऱ्या शाळकरी मुली इथे भेटतात.

दोन, हंगामी काम. ऑक्टोबर ते मे खोल्या झाडणं, चादरी धुणं, स्वयंपाकघरात मासळी साफ करणं. चौदा वर्षांखालच्या मुलीला कामाला ठेवता येत नाही. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत तेवढी चालते, आणि "घरचा धंदा" हा शब्द इथे फार ताणला जातो. २००३ च्या गोवा बाल कायद्याने हॉटेलच्या खोलीत मूल नातेवाइकांबरोबर नोंद असल्याशिवाय जाऊ शकत नाही. चादर बदलायला पाठवलेली पंधरा वर्षांची मुलगी या नियमात कुठे बसते, हे तिला पाठवणाऱ्याने आधी बघावं. आया स्वतःचा नियम पाळतात: दोघी जायचं, दार उघडं ठेवायचं, खोलीत कोणी असेल तर परत फिरायचं. पैसे महिन्याला न घेता आठवड्याला घ्यावेत. हंगाम मध्येच आवरता घेणारे मालक शेवटचा महिना बुडवतात.

पाहुण्यांसाठीही एक सूचना: मासळी सुकवणाऱ्या, खाडीतून ओल्या कपड्यांनी परतणाऱ्या मुलींचे फोटो काढू नयेत. पसरलेलं जाळं ओलांडू नये, वळसा घालून जावं.

बुधवार, वद्य तृतीया: तेरेखोल आणि पेडणे

केरीहून फेरीबोटीने तेरेखोल. पायी जाणाऱ्याला पैसे लागत नाहीत, पाच-सात मिनिटांची वाट. गोव्याचं हे एकच टोक नदीपलीकडे राहिलं आहे. जमिनीने जायचं तर सिंधुदुर्गातून आरोंदा, रेडी असा वळसा. किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा चढवला होता. किल्ला अर्ध्या तासात बघून होतो. पलीकडच्या मुलींसाठी महत्त्वाची ती फेरीच. फार सुकती लागली की वाळूच्या पट्ट्यामुळे बोट थांबते, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या संध्याकाळी शिकवणी सुटायच्या वेळेलाच. मुली धक्क्यावर वही काढून बसतात. सोयरिकी नदीच्या दोन्ही बाजूंना होतात, त्यामुळे निम्म्या घरांत आजोळ महाराष्ट्रात आणि दाखले गोव्यात.

दाखल्यांचं प्रकरण दुपारी पेडण्याला गेलं की उलगडतं. अठरा पूर्ण झालेल्या गोव्याच्या मुलीला २०१२ पासून लाडली लक्ष्मी योजनेत एक लाखाची ठेव मिळते, पण आईवडिलांच्या जन्माचे आणि वास्तव्याचे कागद लागतात, आणि पलीकडे जन्मलेल्या आईचा जन्मदाखला ही ठरलेली अडचण. तो शोधायला सतरावं लागतानाच सुरुवात करावी.

दुसरा कागद वारशाचा. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून गोव्यात मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, आणि २०१२ च्या वारसा कायद्यातही तो कायम आहे. बापाने मृत्युपत्र केलं तरी निम्मी मालमत्ता मुलांची, मुलींसकट, राहतेच. व्यवहारात वडील गेल्यावर भाऊ सासरी येतो, "बाय, एक सही कर," म्हणतो, आणि ती करते. माहेरचं दार बंद होऊ नये म्हणून. किनाऱ्यावर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा, कारण कित्येक घरं भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर, मुंडकार म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणारे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने पंचायत क्षेत्रात घर आणि भोवतालची ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेता येते, पण नोंद आजोबांच्या नावावर असेल तर आधी सगळ्या वारसांची नावं लागतात, आत्याचंही. ज्या घरात तिला पूर्वी सहीसाठी गाठलं होतं, त्या घराला ती पुन्हा शोधावी लागते.

हे अर्ज आता वाड्यावरच्या अकरावी-बारावीच्या मुली भरतात. विर्नोड्याचं संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालय किंवा पेडण्याचं आयटीआय, दोन्हीकडे जाणाऱ्या मुलींना बाजारहाटाबरोबर कचेरीचंही काम सांगितलं जातं. चौदाच्या उताऱ्याची (जमिनीच्या नोंदीची) नक्कल आधी काढावी, घरपट्टीची जुनी पावती आणि शिधापत्रिका सोबत ठेवावी, नावाचं स्पेलिंग तिन्ही कागदांवर एकच आहे का ते घरीच तपासावं; पोर्तुगीज काळातल्या नोंदीत आडनाव वेगळं असतं आणि प्रतिज्ञापत्राचा एक हेलपाटा वाढतो. जेवणाच्या सुटीआधी खिडकी गाठली तर दुपारच्या हरमल बसने परतता येतं. सुटीनंतर गेलं तर नक्कल मिळते, बस मिळत नाही.